दिवा लागला म्हणजे वायरिंग नीट, असे नाही

दवाखान्यात पाय ठेवला की आपण काही गोष्टी लगेच बघतो. डॉक्टर जागेवर आहेत का, गोळ्या-औषधे आहेत का, सिस्टर नीट बोलतात का, आणि रात्रीची वेळ असेल तर लाईट आहे का. लाईट असली की आपले समाधान होते. लेकीला बाळंतपणासाठी घेऊन आलेली आई ट्यूबलाईटच्या उजेडाकडे बघून म्हणते, 'चला, लाईन तरी आहे.' सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात काय किंवा जिंतूर-कळमनुरीकडच्या एखाद्या वस्तीत काय, ह्या समाधानाचे कारण सारखेच. अंधारात झालेली बाळंतपणे आपल्या आज्यांनी पाहिली आहेत.

तरीही आमचे म्हणणे आहे की लाईट असणे वेगळे आणि ती लाईट माणसाला धोका न देणारी असणे वेगळे. पहिली गोष्ट डोळ्याला दिसते, दुसरी दिसत नाही. आरोग्य केंद्रात औषधांचा साठा विचारणारा आपला समाज आता शहाणा झाला आहे, पण तिथल्या अर्थिंगची शेवटची मोजणी कधी झाली हे विचारणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. तो भेटावा म्हणून हा लेख.

दिव्याला लागतात दोनच तारा. एक फेज, म्हणजे वीज आणणारी. दुसरी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी. ह्या दोन जोडल्या की दिवा लागतो. तिसरी तार हिरवी, नव्या वायरिंगमध्ये हिरवी-पिवळी. ती दिव्याच्या लोखंडी पट्टीला, पंख्याच्या सांगाड्याला, यंत्राच्या पत्र्याला जोडलेली असते आणि तिचे दुसरे टोक इमारतीबाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जाते. ही तार रोजच्या कामात काहीच करत नाही. ती तुटली तरी दिवा लागतो. खड्डा कोरडा पडला, वरची पट्टी भंगारवाल्याकडे गेली तरी दिवा लागतोच. म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ज्या दिवशी आतल्या फेज तारेचे रबर झिजून ती पत्र्याला टेकते, त्या दिवशीच ह्या तारेचे काम निघते. ती जागेवर असेल तर वीज तिच्यातून मातीत जाते. नसेल तर पत्रा वीज धरून बसतो आणि हात लावणाऱ्या माणसाची वाट बघतो.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. जयंतीच्या मंडपात वक्त्याच्या ओठाला माईक लागला की झिणझिण होते, तो दचकतो आणि समोरची पोरे हसतात. ती झिणझिण म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर आलेली वीज. बहुतेक वेळा मंडपवाल्याने थ्री पिनची तिसरी पिन तोडून टाकलेली असते, नाहीतर नुसत्या तारा सॉकेटमध्ये आगकाडीने खुपसलेल्या असतात. मंडपातला वक्ता पायात चप्पल घालून कोरड्या फळीवर उभा असतो, दचकून मागे सरतो आणि भाषण चालू ठेवतो. प्रसूतिगृहात हे सगळे उलटे असते.

तिथे फरशी ओली. बाई लोखंडी टेबलावर, अंग घामाने आणि पाण्याने भिजलेले, हाताला सलाईन. सिस्टरचे हातमोजे ओले. वर तपासणीचा दिवा, त्याची दांडी लोखंडी, आणि तो हाताने ओढून खाली-वर करायचा. शेजारी नवजात बाळाचा कोपरा, तिथे वॉर्मर. टेबलावरची बाई दचकून मागे सरू शकत नाही. भूल दिलेला रुग्ण 'झटका बसला' असे सांगूही शकत नाही.

थोडा हिशेब मांडतो, तो अवघड नाही. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. माणसाचे अंग ओले असले की त्याचा विजेला होणारा अडथळा खूप कमी होतो. तो हजार ओहमच्या आसपास धरला तर अंगातून २३० मिलिअँपिअर वीज जाते. नऊ वॉटचा साधा एलईडी बल्ब चाळीसेक मिलिअँपिअरवर लागतो. म्हणजे पाच-सहा बल्ब पेटतील एवढी वीज छातीतून गेली, असे समजा. हृदयाची लय बिघडायला त्याहून बरीच कमी पुरते.

इथे पुष्कळ जण म्हणतात, 'पण एमसीबी आहे ना, ती पडेल.' ती पडणार नाही. दिव्याच्या लाईनवरची सहा अँपिअरची एमसीबी सहा हजार मिलिअँपिअरपर्यंतची वीज हक्काने जाऊ देते. २३० मिलिअँपिअर तिच्या खिजगणतीत नाही. एमसीबी तार जळू नये म्हणून असते. माणूस वाचावा म्हणून वेगळे उपकरण असते, आरसीसीबी, जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. जाणारी वीज आणि परत येणारी वीज ह्यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे मधली वीज कोणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून मातीत चालली आहे असे दिसले, की ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाईन तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की ती पडायला हवी. मात्र एक लक्षात ठेवा. हे बटण फक्त आरसीसीबी चालते का हे सांगते. अर्थिंग आहे की नाही हे ते सांगत नाही, कारण अर्थिंगची तार मुळीच नसली तरी बटण दाबल्यावर ती पडते. दोन्हींची तपासणी वेगळी, आणि दोन्ही हव्यात.

मोठ्या रुग्णालयातल्या ऑपरेशन थिएटरचा प्रश्न आणखी वेगळा. तिथे रुग्णाचा श्वास यंत्रावर चालू असताना आरसीसीबी पडली तर तीच घातक ठरेल. म्हणून अशा ठिकाणी वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून वीज जमिनीपासून अलग ठेवतात, म्हणजे पहिला बिघाड झाला तरी लाईन जात नाही, फक्त भोंगा वाजतो. गावच्या केंद्रात एवढे लागत नाही. तिथे तिसरी तार आणि आरसीसीबी एवढ्या साध्या दोन गोष्टी लागतात.

आता आपल्या मातीकडे या. अर्थिंगचा खड्डा म्हणजे काय, तर जमिनीत उभा गाडलेला लोखंडी गॅल्व्हनाईज्ड पाईप किंवा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळे. वीज मातीत मुरते ती ओलाव्यामुळे. हिंगोली जिल्ह्यातली आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि वैशाखात अशी भेगाळते की त्या भेगेत हात जावा. पाईप तोच, खड्डा तोच, पण ऑगस्टमध्ये चांगला असलेला आकडा मे महिन्यात बिघडतो. खाली मुरूम किंवा खडक असेल तर आणखीच. म्हणून मोजणी उन्हाळ्यात करायची असते, जेव्हा माती सगळ्यात कोरडी असते. भर पावसात मोजून 'ठीक आहे' असे लिहिले तर त्या कागदाचा उपयोग फक्त फाईल जाड करायला. मोजणी अर्थ टेस्टरने होते आणि आकडा ओहममध्ये लिहितात. तो जितका कमी तितका बरा, आणि मागच्या उन्हाळ्यापेक्षा वाढत चालला असेल तर खड्ड्याकडे लक्ष द्यायची वेळ आली. खड्ड्यात पाणी ओतणे हे काम फार मोठे नाही. पण ते कोणाचे, हे ठरलेले नसते, म्हणून कोणीच ओतत नाही.

खेड्यापाड्यांत एक उपाय सर्रास चालतो आणि त्याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलायचे आहे. अर्थिंग नसेल तर बोर्डातली न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनला जोडून देतात. 'झाले अर्थिंग,' म्हणतात. वरवर सगळे ठीक चालते. मग एखाद्या वादळात डीपीकडून येणारी न्यूट्रल तुटते, आणि त्या क्षणी इमारतीतल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्यावर वीज येते. फ्रिज, वॉर्मर, दिव्याची दांडी, सगळ्यावर. अर्थिंग अजिबात नसण्यापेक्षा हे वाईट. दुसरी खोड म्हणजे बटण फेजवर न बसवता न्यूट्रलवर बसवणे. बटण बंद केले, दिवा विझला, म्हणून बल्ब बदलायला चढलेल्या माणसाच्या हाताशी होल्डर जिवंतच असतो.

आणि तो चढलेला माणूस कोण असतो? ह्या प्रश्नासाठीच आम्ही हा विषय आपल्या पानावर घेतला. दवाखान्यात पहिला झटका डॉक्टरांना बसत नाही. ओल्या फडक्याने फरशी पुसताना जिचा हात यंत्राच्या पायाला लागतो ती आया, पाणी मारून शौचालय धुणारा सफाई कामगार, कंत्राटदाराने हातमोजे न देता शिडीवर चढवलेला वायरमनचा मदतनीस, ही माणसे बऱ्याचदा आपल्या वस्त्यांमधून आलेली असतात. खाटेवर झोपलेला रुग्णही आपलाच. ज्याला परवडते तो खाजगीत जातो. सरकारी केंद्राच्या भिंतीतली तार चांगली आहे की वाईट, हे ज्यांच्या अंगावर येते ती माणसे आपली आहेत, म्हणून प्रश्न विचारण्याचा पहिला हक्कही आपलाच.

९ जानेवारी २०२१ची पहाट महाराष्ट्र विसरलेला नाही. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बाळे होती, दहा गेली, सात वाचवता आली. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरमधल्या विजेच्या बिघाडातून आग सुरू झाली असे नंतर सांगण्यात आले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान अकरा रुग्ण दगावले. मधल्या काळात विरारच्या एका खाजगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभागही जळाला. अर्थिंग नीट असती तर हे सगळे टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. सैल जोड तापून लागणारी आग अर्थिंगने थांबत नाही, आरसीसीबीलाही ती कळेलच असे नाही. तिच्यासाठी जोड घट्ट आहेत का हे बघावे लागते, आणि दिव्या-पंख्यांसाठी घातलेल्या तारेवर नंतर किती यंत्रे चढवली ह्याचा हिशेब ठेवावा लागतो.

पण ह्या दोन सरकारी घटनांनंतर काय झाले ते बघा. भंडाऱ्यात परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. नगरमध्ये एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. त्यांची कर्तव्यात चूक झाली की नाही हे न्यायालयाने ठरवायचे. आमचा प्रश्न एवढाच की सिस्टरला भिंतीच्या आतली तार दिसते का? तिने ती निवडली का, जोडली का, मोजली का? वर्षानुवर्षे न तपासलेल्या भिंतीचा जाब त्या रात्री ड्युटीवर असलेल्या बाईला विचारला गेला की भिंत तशीच राहते.

नियम नाहीत असेही नाही. अर्थिंग कशी करावी ह्याचे भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. राष्ट्रीय विद्युत संहितेत वैद्यकीय संस्थांचा स्वतंत्र विभाग आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम २०१० साली आले आणि २०२३ साली नव्याने निघाले. महाराष्ट्राचा २००६चा आग प्रतिबंधक कायदा सांगतो की इमारतीतली आग विझवण्याची व्यवस्था चालू स्थितीत आहे असे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, सादर करायचे. विजेने माणूस दगावला किंवा जखमी झाला तर विद्युत कायदा २००३च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावे लागते, आणि चौकशी होऊ शकते. ते कळवले गेले का, हे वस्तीने विचारलेच पाहिजे. 'नशीब त्याचे' म्हणून प्रेत उचलून आणू नये. झटक्याला कारण असते आणि ते सापडते.

ह्या विषयात बाबासाहेबांचे नाव आम्ही ओढूनताणून आणत नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्यात होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजपुरवठ्याच्या धोरण समितीची बैठक त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत झाली. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, आणि ती खाजगी नफ्यावर सोडायची की सरकारने हाती घ्यायची, ह्याचा विचार त्यांनी तिथे मांडला. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? त्यांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. त्या फोटोवर उजेड टाकणाऱ्या बल्बचाही त्यांनी विचार केला होता, हे आपण मुलांना सांगत नाही.

लाईट जाण्याबद्दलही थोडे बोलू. ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा मुख्य वीज गेल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत दुसऱ्या स्रोतावर लागला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अर्धा सेकंद. आपल्याकडे मोबाईलच्या टॉर्चवर टाके घातल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. इन्व्हर्टर किंवा सोलर बसवलेल्या केंद्रातही बॅटरीत पाणी आहे का, प्रसूतिगृहाचा दिवा त्या लाईनवर जोडला आहे की साहेबांच्या खोलीतला पंखा, हे बघायला हवे. आणि एक जास्तीची काळजी. लाईन गेल्यावर इन्व्हर्टर चालू असतो तेव्हाही तारेत तितकीच मारक वीज असते. बाहेर अंधार झाला म्हणून बोर्ड उघडायला हात घालू नये.

काही कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, 'इथे सापाच्या विषाचे इंजेक्शन मिळताना मारामार, आणि तुम्ही अर्थिंग घेऊन बसलात.' त्यांचा राग खरा आहे. पण औषध आणि अर्थिंग ह्यांतून एक निवडा असे आपल्याला कोणी सांगितले? आरसीसीबी दोन-चार हजारांत येते. खड्डा नव्याने भरायलाही काही हजारच लागतात. साखऱ्याच्या केंद्रासारख्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते आणि किरकोळ दुरुस्तीसाठी तिच्या हाती निधी असतो. समितीत आपल्या वस्तीचा माणूस असेल तर त्याने हा विषय लेखी मांडावा. नसेल तर ग्रामसभेत मांडावा. मीटरपर्यंतची तार महावितरणची, मीटरच्या पुढची तार इमारतीच्या मालकाची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाबतीत जिल्हा परिषदेची. हा फरक माहीत नसला की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका. स्वतः बोर्ड उघडू नका, आपल्या ओळखीच्या पोराला उघडायला लावू नका. तारतंत्री किंवा विजतंत्रीचा परवाना असलेल्या माणसाचेच ते काम. आपल्या वस्तीत आयटीआय केलेली मुले आहेत, त्यांनी परवाना काढावा आणि मग अशी कामे मागावीत. बघण्यासारखे बरेच काही बोर्ड न उघडताही दिसते. अर्थिंगच्या खड्ड्यावर झाकण आहे का, त्यावर मोजणीची तारीख रंगवली आहे का, ट्यूबच्या पट्टीशेजारी छताला ओल आहे का, प्लगची तिसरी पिन शाबूत आहे का. दिव्याच्या प्लास्टिक अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला तिसरी तार लागत नाही, तिथे उगाच ओरड करू नका. आरसीसीबीचे बटण महिन्यातून एकदा दाबायचे असते, पण ते सिस्टरनेच, आणि वॉर्मर किंवा ऑक्सिजनच्या यंत्रावर कोणी नसताना.

दवाखान्यात असो वा घरी, कोणाला वीज चिकटली तर आधी मेन बंद करा. मेन सापडत नसेल तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने तार बाजूला सारा. त्याला हाताने ओढायला जाऊ नका, दोघे जाल. सुटल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून जोरात आणि भरभर दाबत राहा, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचेच. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

ज्यांना लेखी विचारायचे आहे त्यांच्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर देत आहोत. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडावी. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. मजकूर असा: 'आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीतील अर्थिंगची शेवटची मोजणी कोणत्या तारखेला झाली, ती कोणी केली, त्याचा परवाना क्रमांक काय आणि प्रत्येक खड्ड्याचा ओहममधील आकडा किती, ह्या नोंदीची प्रत द्यावी. प्रसूतिगृह व नवजात शिशू कोपऱ्याच्या लाईनवर आरसीसीबी बसवली आहे काय, असल्यास तिची तपासणी केल्याची नोंदवही पाहू द्यावी. मुख्य वीज गेल्यावर प्रसूतिगृहातील दिवा कोणत्या व्यवस्थेवर लागतो व ती व्यवस्था शेवटची कधी तपासली, ह्याची नोंद द्यावी.'

उत्तरात 'नोंद उपलब्ध नाही' असे आले तर तो कागद फेकू नका. त्याच्या दोन प्रती काढा. एक रुग्ण कल्याण समितीच्या अध्यक्षांना द्या, दुसरी आमच्याकडे पाठवा.